तोंड मिटा, विरघळू द्या

मुलाखतीत प्राचार्यांशेजारी बसलेल्या सरांनी मला एकच प्रश्न विचारला. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी चिमट्यात धरलेली एक जांभळी पट्टी पुढे केली. पोस्टाच्या तिकिटाएवढी. "जिभेवर ठेवा. तोंड मिटा. विरघळू द्या," म्हणाले आणि गळ्यात लोंबणारं स्टॉपवॉच दाबलं.

पट्टी काही विरघळली नाही. ती जिभेवरून टाळूला गेली आणि तिथे तिनं संसार थाटला. तेवढ्या अवधीत प्राचार्यांनी मला पगार सांगितला, कामाचे तास सांगितले, उन्हाळ्याची सुट्टी फक्त विद्यार्थ्यांना असते हेही सांगितलं. मी प्रत्येक वेळी मान हलवली, कारण मानेशिवाय दुसरं काही हलत नव्हतं. प्राचार्यांना वाटलं, बाई नम्र आहेत. नोकरी लागली. माझ्या नम्रतेचा तो पहिला आणि शेवटचा पुरावा, असं आमच्या घरी अजून सांगतात.

ही गोष्ट २००४च्या सुमाराची. आम्ही नांदेडकडची माणसं. नवरा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत लागला म्हणून जवळच्या चांदे गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि माझ्या एम. फार्म.ला गंज चढू नये म्हणून मी पौडच्या पुढे एका टेकाडावर असलेल्या औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवायला लागले. यातला 'गंज' हा शब्द माझा नाही, सरांचा. सरांच्या मते या जगात दोनच गोष्टी घडतात. वस्तू गंजतात आणि माणसं गंजतात. बाकीच्या सगळ्या बातम्या. "मॅडम, माणूस म्हणजे कापून ठेवलेलं सफरचंद," ते म्हणायचे. "कुणी दुपारी काळं पडतं, कुणी संध्याकाळी." दिवाळीच्या सुट्टीनंतर भेट झाली की लोक एकमेकांना फराळाचं विचारतात. सर चष्मा कपाळावर सरकवून आपल्याकडे निरखून बघत आणि सांगत, "थोड्या गंजलात." हे ते प्राचार्यांनाही म्हणत, प्राचार्यांच्या बायकोलाही. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते खरोखर दोनच बोलले, "पूर्ण ऑक्सिडीकरण," आणि खाली बसले. सत्कारमूर्तीनं नमस्कार केला, कारण त्यांना ती पदवी वाटली.

स्वतः सर गंजले होते का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. डोक्यावर केस नव्हते, चेहरा वाळवलेल्या कोकमासारखा होता आणि चालताना गुडघे कुरकुरायचे. पण संशोधकानं संशोधनाचा फायदा स्वतः घ्यायचा नसतो, अशी आम्ही समजूत करून घेतली होती.

या गंजावरचा उतारा सरांनी शोधला होता. म्हणजे उतारा मुळशीच्या डोंगरांत आधीपासून होताच. जांभूळ, करवंद, आवळा. यांच्यात गंज थोपवणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात, हे पुस्तकात आहे. सरांचं म्हणणं, ती द्रव्यं माणसाच्या तोंडात पोचवायची कशी? चूर्ण नाकात जातं. काढा कुणी पीत नाही. आणि गोळीवर तर त्यांचा व्यक्तिगत राग होता. "गोळी म्हणजे दगड! माणूस जन्मभर दगड गिळतो आणि पोटाला सांगतो, फोड. त्यापेक्षा पट्टी जिभेवर ठेवा. पाणी नको, पेला नको, कोंबडीसारखी मान वर करणं नको. अर्ध्या मिनिटात काम सुरू." त्यांचा भाचा परदेशातून तोंडाचा वास घालवायची असली पट्टी घेऊन आला होता. भाच्यानं ती मामाला दिली त्यात काही सूचना होती की काय, ते कळायला मार्ग नाही. सरांनी मात्र ती जिभेवर ठेवली, ती विरघळली, आणि त्या क्षणापासून सर जमिनीवर राहिले नाहीत.

आमचे शिपाई मामा मुठ्याकडचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सरळ विचारलं होतं, "सर, एवडी पट्टी करायची, ती चाटायची. त्यापरीस जांभूळच खाल्लं तर?"

"मामा, जांभूळ कधी मिळतं?"

"जूनात. लई तर जुलैच्या पैल्या आटवड्यापत्तुर."

"आणि माणूस गंजतो कधी?"

"त्ये काय वो, बाराई म्हैने."

"मग?"

मामांना हे इतकं पटलं की तेव्हापासून ते पावसाळ्याखेरीज इतर दिवसांत स्वतःला गंजलेला समजू लागले.

पट्ट्या ठेवायला सरांकडे तंबाखू-चुन्याची जुनी पितळी डबी होती. दोन्ही बाजूंनी उघडणारी. तंबाखूच्या बाजूला पट्ट्या, चुन्याच्या बाजूला ओल शोषणारे ते निळे मणी, औषधाच्या बाटल्यांत असतात तसले. बैठकीत कुणी पाल्हाळ लावला की सर डबी काढत, टिचकी मारत आणि बोलणाऱ्यापुढे चिमटा धरत. समोरच्याला संकोचानं पट्टी घ्यावी लागे आणि घेतली की तोंड मिटावं लागे. "जीभ ही मुळात शोषणासाठी आहे," ते समजावत. "बोलणं हा तिचा गैरवापर." प्राध्यापकांच्या बैठका आमच्याइतक्या लवकर संपणारं कॉलेज विद्यापीठात दुसरं नसेल. मी दोन पट्ट्या मागून घरीसुद्धा नेल्या होत्या, सासूबाईंच्या प्रकृतीसाठी. पहिली त्यांना दिली. त्यांनी मुकाट्यानं अर्धं मिनिट घालवलं आणि दुसरी मला दिली.

मे महिन्यात सर विद्यार्थ्यांना करवंदं आणायला डोंगरावर पाठवत. मुलं दिवसभर जाळ्यांत हिंडत आणि संध्याकाळी जेमतेम अर्धी पिशवी घेऊन येत. मग ओळीत उभं करून सर हजेरी घेत, ती नावं वाचून नव्हे, जिभा बघून. सगळ्यात जांभळी जीभ ज्याची, त्याला सगळी भांडी घासायची शिक्षा. मुलं सूड उगवत. पट्टीला इंग्रजीत फिल्म म्हणतात, तेव्हा दर पावसाळ्यात कॉलेजच्या फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवी, 'सरांची नवी फिल्म यंदाही पडली.'

कारण ती पडायचीच. पट्टी करायची रीत सोपी. फळांचा अर्क, पाण्यात विरघळणारं पॉलिमर, थोडं ग्लिसरीन. मिश्रण काचेवर पातळ ओतायचं, वाळू द्यायचं, कडेनं सोडवून उचलायचं आणि तुकडे कापायचे. घरोघरी आंबापोळी करतात तसंच, फक्त आंबापोळी करणाऱ्या बाया त्यावर पेपर लिहीत नाहीत. अडचण 'वाळू द्यायचं' या दोन शब्दांत होती. मुळशीत जून लागला की काहीही वाळत नाही. माझ्या नवऱ्याचे मोजे श्रावणात धुतले तर नवरात्रात मिळायचे. आणि सरांची प्रयोगशाळा तर कॉलेजच्या डोंगराकडच्या बाजूला. भिंतीतून पाणी पाझरे. तिथे काचेवर ओतलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी पट्टी होण्याऐवजी जेली होई आणि तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येई. सर बुरशीकडेही कौतुकानं बघत. "बघा, हिला अर्क मानवला."

तर ही ओलसर खोली हाच सगळ्या रामायणाचा विषय. हिंजवडीला कंपन्यांच्या रांगा लागलेल्या, शेजारच्या माण गावातले जमीनदार खोल्या बांधून भाडेकरूंची वाट बघायला लागलेले, आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मनानं घेतलं की औषधाच्या कॉलेजातही संगणकच संगणक हवेत. अध्यक्ष इथलेच, मोठ्या शेतकरी घरातले. संस्था त्यांच्या वडिलांनी काढली, त्या वडिलांना सगळे आबा म्हणत. संगणकाची एक खोली झालीच होती, वातानुकूलित. आता दुसरी हवी होती, आणि जागा म्हणजे सरांची प्रयोगशाळा. सर ती सोडेनात. ते म्हणाले, ही खोली गेली तर पट्टी गेली. शेवटी अध्यक्ष स्वतः आले, दारात उभे राहिले. आत आले नाहीत, कारण आत पाणी होतं.

"ह्ये बगा सर. जुलैत तपासणीची कमिटी येतीया. तिच्या म्होरं तुमची पट्टी जिभंवर इरघळली तर खोली तुमची. आमी शब्द देतो. न्हाई इरघळली तर मंग काम्प्युटर."

"किती सेकंदांत?" सरांनी विचारलं.

"आँ?"

"विरघळायला अर्धं मिनिट धरूया?"

"धरा की! तुमाला काय धरायचं त्ये धरा," असं म्हणून अध्यक्ष बोलत राहिले. ते बोलायला लागले की थांबवणं हे फक्त कॉलेजच्या घंटेच्या हातात होतं. सरांनी डबी काढली होती, पण मी त्यांची बाही ओढली.

मग सर पेटले. पट्टी मोठी, एकसारखी आणि कुठेही जाड-पातळ न होता यायची तर काच मोठी आणि अगदी सपाट हवी. कॉलेजात तशी एकच काच होती. व्हरांड्यात लावलेल्या आबांच्या तसबिरीची. एका दुपारी सरांनी ती अलगद काढून घेतली आणि तसबीर तशीच परत टांगली, हारासकट. मामांनी हात जोडले. "सर, आबांस्नी उगडं टाकलं तुमी!" सर म्हणाले, "आबांचा शिक्षणावर विश्वास होता. त्यांनी संस्थेला जमीन दिली, काच का देणार नाहीत?" काचेच्या वरच्या बाजूला आबांच्या कपाळाच्या जागी लावलेलं कुंकू होतं. ते सरांनी पुसलं नाही. काच उलटी केली आणि मिश्रण मागच्या बाजूवर ओतलं. एवढा आदर त्यांच्याकडे होता. पुढे पंधरवड्यात आबांच्या मिशीवर बुरशी आली, पण ती मिशीच्याच रंगाची असल्यानं कुणाच्या लक्षात आली नाही.

काच मिळाली, ऊन कुठून आणणार? आम्ही कपाटात दिवे लावून काच ठेवली. कपाट तापलं, अर्क करपला. माझ्या केस वाळवायच्या यंत्रानं वाळवून बघितलं. पट्टीवर लाटा उठल्या आणि त्यात माझे दोन केस सापडले. मामांनी घरची चूल सुचवली. त्या पट्टीला धुराचा असा काही वास लागला की ती जिभेवर ठेवल्यावर हुरड्याची आठवण व्हायची. कमिटी आठवड्यावर आली आणि आमच्याकडे होती ती फक्त जेली.

त्याच दिवसांत कमिटीसाठी विभागाचा अहवाल टाइप करायला मी संगणक कक्षात बसले. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं असा नियम होता. धुळीनं संगणक बिघडतो म्हणे. दसऱ्याला त्यांना झेंडूही वाहत. सर त्या खोलीला 'शत्रूचं देऊळ' म्हणत आणि तिच्या दारावरूनही जात नसत, जिन्याचा वळसा घेत. तर मी टाइप करायला बसले तेव्हा माझ्या हातात एक फसलेला, लिबलिबीत तुकडा होता. कुठे ठेवू म्हणून समोरच्या मॉनिटरवर ठेवला. तेव्हाचे मॉनिटर पाठीमागे हे एवढे फुगलेले, वरून चपाती शेकावी इतके गरम. अहवाल संपवून उठले आणि तुकडा उचलला, तर कडकडीत! खोलीत कोरडी गार हवा, खालून मंद शेक. मी अनवाणीच धावत सरांकडे गेले.

सर दारापाशी आले. पाटी वाचली. पावसाळाभर घालत ते रबरी बूट त्यांनी एकेक करून काढले, भिंतीला टेकवून ठेवले आणि आत शिरले. मॉनिटरवर हात ठेवला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. तापल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "यांना इतकी वर्षं हे माहीत होतं?"

"त्यांना काही माहीत नाही सर. ते नुसते तापतात."

कक्षाची किल्ली मामांकडे. मामा नाही म्हणाले. "सर, तुमी रिटायर व्हनार. माझं अजून पोरीचं लगीन हाय. अध्यक्षांनी बगितलं तर मला हितनं डायरेक धरनात टाकत्याल." सरांनी त्यांना पट्टी दिली नाही, हे विशेष. नुसते उभे राहिले, हातात काच घेऊन, पायात काही नसताना. मामांनी किल्ली काढली आणि तोंड फिरवून म्हणाले, "मी काय बगितलंच न्हाई."

कमिटीच्या दिवशी सकाळी आम्ही ओतलेल्या काचा मॉनिटरांवर मांडल्या. मधल्या दोन मॉनिटरांवर आबांची मोठी काच आडवी. कमिटी आधी ग्रंथालय, मग प्रयोगशाळा आणि दुपारी जेवणानंतर संगणक कक्ष बघणार होती, तोवर सगळं उचलायचं असं ठरलं होतं. पण अध्यक्षांना धीर कुठला? त्यांनी पाहुण्यांना गाडीतून उतरवलं ते थेट कक्षाकडेच. मी काचांपाशी होते, सर काचांवर ओणवे. बाहेर बूट निघाल्याचे आवाज आले. मग अध्यक्षांचा आवाज, "ह्ये रबरी बूट कुनाचं?"

दार उघडलं. मोजे घातलेली प्रतिष्ठित मंडळी एका ओळीत आत आली आणि थबकली. प्रत्येक संगणकाच्या डोक्यावर एक जांभळी काच.

"ह्यो काय परकार हाय?" अध्यक्ष म्हणाले. मग त्यांची नजर मधल्या मोठ्या काचेवर गेली. खालून, पट्टीच्या जांभळ्या रंगातून, कुंकवाचा टिळा दिसत होता. ते वाकले. "ही... ही आमच्या आबांची काच न्हाई का?"

अध्यक्षांनी श्वास घेतला. तो श्वास मला माहीत होता. वार्षिक संमेलनात ते असा श्वास घेत आणि मुलं डबे उघडत. तोंड उघडलं, आणि सरांनी आबांच्या काचेवरच्या पट्टीची कड नखानं सोडवली.

ती अख्खी आली. एका सुरात, सर्रर्र करत. काचेवर एक डागसुद्धा मागे राहिला नाही, राहिलं ते फक्त पलीकडचं कुंकू. सरांनी कात्रीनं तुकडे कापले आणि पहिला तुकडा चिमट्यात धरून अध्यक्षांच्या उघड्या तोंडापुढे नेला.

"जिभेवर. तोंड मिटा. विरघळू द्या."

अध्यक्षांनी घेतला. आजही मला वाटतं, रागानं नव्हे, नैवेद्य समजून घेतला. काच आबांची होती ना. मग कमिटीच्या चौघांनी घेतला. प्राचार्यांनी घेतला. स्टॉपवॉच सुरू झालं. बाहेर पाऊस कोसळत होता, आत गार हवेच्या यंत्राची घरघर, आणि पाच-सहा शिकलेली माणसं मोज्यांवर उभी राहून तोंडं मिटून छताकडे बघत होती. इतकी उच्च दर्जाची शैक्षणिक तपासणी मी पुन्हा पाहिली नाही.

"गेली!" कमिटीचे मोठे प्राध्यापक ओरडले आणि त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. जांभळी होती.

"माजी बी गेली की!" अध्यक्ष म्हणाले. त्यांनीही जीभ काढली. मग सगळ्यांनी एकमेकांना जिभा दाखवल्या. सरांनी स्टॉपवॉच बघितलं. अर्ध्या मिनिटाच्या आत. खोली वाचली. मी मामांकडे बघितलं. मामा दाराआडून हसत होते.

आणि मोठ्या प्राध्यापकांनी तो प्रश्न विचारला. "कमाल आहे हो. एवढ्या दमट भागात, तुमच्या प्रयोगशाळेत पट्टी इतकी कोरडी केलीत?"

याला एका शब्दाचं उत्तर होतं. 'हो.' म्हटलं असतं तर अध्यक्षांना शब्द पाळावाच लागला असता, चार पाहुण्यांच्या देखत. मी सरांकडे बघून मान हलवायला लागले. मुलाखतीत हलवली होती तशी, वर-खाली, वर-खाली.

"माझ्या प्रयोगशाळेत?" सर म्हणाले. "छे! तिथे पापड वाळत नाही. भिंतींना ओल आहे. हे या खोलीचं काम. तिथे सात जन्मांत झालं नसतं."

अध्यक्ष जीभ आत घेत होते. ती अर्ध्यात थांबली. "म्हंजी त्या खोलीत पट्टी व्हत न्हाई?"

"शक्यच नाही."

"मंग ती खोली तुमाला कशापाई पायजे?"

सरांनी विचार केला. खरंच केला. चष्मा कपाळावर नेला. "नको," ते म्हणाले.

पुढचं सगळं रीतसर झालं. खोली कोरडी करून तिला यंत्र बसवलं, संगणक आले, चपला बाहेर गेल्या. म्हणजे सरांना जशी हवी होती तशी खोली अखेर झाली, फक्त ती सरांची नव्हती. अध्यक्षांनी मोठेपणानं शेवटच्या रांगेतल्या मॉनिटरांवर काचा ठेवायला परवानगी दिली. आबांची काच मात्र तसबिरीत परत गेली, मिशीवरच्या बुरशीला कायमचं संरक्षण देत. सर रोज दुपारी बूट काढून आत जात, मुलांच्या डोक्यांवरून हात लांबवत काचा मांडत. ते निवृत्त झाले आणि पुढे थोड्याच दिवसांत चपटे मॉनिटर आले. त्यांच्यावर काच काय, टाचणीसुद्धा राहत नाही. सर एकदा भेटायला आले तेव्हा त्यांनी त्या पातळ कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "प्रगती झाली." पट्टीनं माणसाचं गंजणं थांबतं का, हा प्रश्न कमिटीनं विचारला नाही, आम्हीही नाही. सर म्हणायचे, तो पुढचा टप्पा.

पण मला आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. कमिटीच्या गाड्या टेकाड उतरून गेल्या होत्या. सर व्हरांड्यात, आबांच्या उघड्या तसबिरीखाली, बाकावर बसून रबरी बूट चढवत होते. मी इतकी चिडले होते की आडपडदा न ठेवता बोलले.

"सर, नुसतं हो म्हणायचं होतं. कोण तपासायला येणार होतं? इतकी वर्षं त्या खोलीसाठी भांडलात, आणि स्वतःच्या तोंडानं देऊन टाकलीत? आता कुठे बसणार तुम्ही? मी कुठे बसणार? आणि मामांनी..."

सरांनी डबी उघडली. टिचकी मारली. चिमटा पुढे केला.

मला खरं तर नको होती. पण घेतली. तोंड मिटलं, सरांनी स्टॉपवॉच दाबलं. पाऊस चालूच होता. पट्टी टाळूला लागली नाही, दाताला चिकटली नाही. आधी थोडी तुरट लागली, मग आंबट, आणि मग तिथे काही नव्हतंच.

मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. सरांनी बोट वर केलं, स्टॉपवॉच थांबवलं आणि माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

"खोलीचं राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "आकडा वाचा. मोठ्यानं."